बाटलीची पिशवी: गळती अडवते, कस्टम्सवाल्याला नाही

चेक-इन बॅगेत दारूची बाटली टाकली की ती फुटेल का ही धाकधूक असतेच, आणि त्या धाकधुकीवरच हा सगळा माल विकला जातो. मी ज्या पिशवीबद्दल लिहितेय ती म्हणजे जाड प्लॅस्टिकची, बाटलीच्या मापाची लांबट पिशवी, आतून बबल रॅपचं अस्तर, तोंडाला दाबून बंद होणारी झिप आणि त्यावर दुमडून चिकटवायचा वेल्क्रोचा पट्टा. ऑनलाइन शोधलं की हीच वस्तू दहा नावांनी दिसते, फोटोसुद्धा तोच, त्यामुळे कंपनीचं नाव देत बसत नाही, तुम्हाला जी मिळेल ती बहुतेक याच जातीची असेल. घाई असेल त्यांच्यासाठी मत आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. जे काम तिचं आहे ते चोख करते पण पाकिटावर जे जे छापलंय त्यातलं निम्मं वाचायचं आणि विसरून जायचं.

आता काम म्हणजे नक्की काय. लोकांना वाटतं ही पिशवी बाटली फुटू देत नाही. तसं काही नाहीये. बबलचं अस्तर एवढ्यापुरतंच कामाचं आहे की दोन बाटल्या एकमेकींवर आपटत नाहीत, बुटाची टाच किंवा चार्जरचा ठोकळा थेट काचेला लागत नाही. बॅग बेल्टवरून कोपऱ्यावर पडली आणि बाटली नेमकी त्याच कोपऱ्यात असली तर बबल काही करू शकत नाही, तिथे आजूबाजूचे कपडेच वाचवतात. म्हणून बाटली नेहमी बॅगेच्या मधोमध, खाली कपडे वर कपडे, आणि बॅगेच्या कडेपासून चारही बाजूंनी किमान चार बोटं आत, हे पिशवी असो नसो करायचंच. पिशवीचा खरा उपयोग फुटल्यानंतर सुरू होतो. पाऊण लिटर रेड वाइन बॅगेत सांडली की काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि काचा कपड्यांच्या घड्यांमधून वेचाव्या लागतात ते वेगळंच.

मी घेतल्या घेतल्या आधी पाणी भरून बघितलं. झिप नीट दाबली, वेल्क्रो लावला, सिंकमध्ये उलटी टांगून ठेवली, बराच वेळ थेंब नाही. मग मुद्दाम दाबून बघितलं, म्हणजे वरून भरलेली बॅग पडली असती तर जेवढा दाब आला असता तेवढा, तर एका पिशवीत शिवणीच्या कोपऱ्यातून बारीक पाझर दिसला. सेटमधल्या बाकीच्या ठीक होत्या. म्हणजे क्वालिटी सगळ्यांची सारखी नाही, आणि हे दुकानात कळत नाही त्यामुळे घरी आणल्यावर ही पाण्याची टेस्ट कराच, रिटर्नची मुदत संपायच्या आत. प्रत्यक्ष प्रवासात एकदा बूच थोडं वर सरकून वाइन झिरपली होती, पिशवीच्या तळाला चमचाभर जमली होती, कपडे कोरडे. तेवढ्यावरच पैसे वसूल म्हणायला हरकत नाही.

ते बूच का सरकलं याचं उत्तर बरेच लोक विमानातल्या प्रेशरवर ढकलतात आणि ते अर्धंच खरं आहे. सामानाचा कप्पा केबिनइतकाच प्रेशराइज्ड असतो, तिथे काही बाहेरची पोकळी नसते. जास्तीत जास्त साधारण ८००० फूट उंचीवर, म्हणजे २४०० मीटरवर, जेवढा हवेचा दाब असतो तेवढा, समुद्रसपाटीच्या पाऊणपट. एवढ्या फरकाने सीलबंद बाटलीला काहीही होत नाही. शॅम्पेनबद्दल तर लोक उगाच घाबरतात, तिच्या आत मुळातच पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, काच त्यासाठीच जाड केलेली असते आणि बुचाला वरून तार बांधलेली असते, त्यात बाहेरचा पाव वातावरण कमी झाला काय न झाला काय. खरा त्रास उष्णतेचा. विमानात चढवायच्या आधी बॅग उन्हात तापलेल्या ट्रॉलीवर पडून राहते, वाइन गरम होऊन फुगते आणि साध्या बुचाला आतून रेटते. फिरकीच्या झाकणाची बाटली यात जास्त बिनधास्त. आणि अर्धी पिऊन झालेली बाटली पिशवीत घालून नेऊ नका, आत हवा जास्त, हवा फुगणार, झाकण एकदा उघडलेलं, गळणार म्हणजे गळणारच. वरून ती व्हिस्की-रमसारखी कडक दारू असेल तर नियमातही बसत नाही, ते पुढे येतंच.

मापाचं सांगायचं तर साधी सरळ खांद्याची वाइनची बाटली मस्त बसते. उतरत्या खांद्याची, पोट सुटलेली बाटली कशीबशी जाते पण मग वेल्क्रोचा पट्टा पूर्ण दुमडत नाही. शॅम्पेन नाहीच जात, निदान माझ्या सेटमध्ये तरी नाही, तिच्यासाठी मोठं माप वेगळं घ्यावं लागतं. एक लिटरची स्पिरिटची, म्हणजे व्हिस्की-रमसारख्या कडक दारूची बाटली, जी ड्यूटी फ्रीमध्ये सगळ्यात जास्त विकली जाते, ती उंचीला बसते पण चौकोनी असेल तर कोपरे बबलमध्ये घुसतात आणि दोन-तीन वेळा वापरल्यावर तिथले बबल फुटून सपाट होतात. बुटक्या रुंद बाटल्या, डिझायनर बाटल्या, हँडल असलेल्या बाटल्या, विसरा.

आता पाकिटावरच्या त्या छापील गोष्टी. सगळ्यात मोठ्या अक्षरात 'एअरलाइन अप्रूव्ह्ड'. हे वाचून मला हसूच आलं. नियम पिशवीचा नाहीये हो, नियम आतल्या दारूचा आहे. विमानात धोकादायक वस्तू किती न्यायच्या याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात दारूचे सरळ तीन भाग पडतात. २४ टक्के किंवा त्याहून कमी अल्कोहोल, म्हणजे बिअर, साधी वाइन, त्याला या नियमाने काही मर्यादाच नाही, बॅगेचं वजन हीच मर्यादा. २४ च्या वर ते ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे व्हिस्की, रम, व्होडका, जिन वगैरे, माणशी एकूण ५ लिटर, आणि तीही दुकानातून आली तशी, मूळ पॅकिंगमध्ये. म्हणून ती अर्धी बाटली नको म्हटलं, आणि घरी गाळलेलं काहीतरी पाण्याच्या बाटलीत भरून तर अजिबात नको. आणि ७० टक्क्यांच्या वर काहीही असेल तर ते केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, पिशवी कितीही भारी असली तरी नाही.

हा तिसरा भाग लोकांना माहीतच नसतो. ऑस्ट्रियाची ती ८० टक्केवाली श्ट्रो रम, पोलंडचं ९५-९६ टक्क्यांचं स्पिरीटुस, काही कडक अॅब्सिंथ, हे सगळं त्या त्या देशात दुकानात राजरोस मिळतं, आठवण म्हणून लोक उचलतात आणि मग एअरपोर्टवर काढून द्यावं लागतं. अमेरिकन बाटलीवर प्रूफ लिहिलेलं असतं, त्याचा निम्मा आकडा म्हणजे टक्के. १५१ प्रूफ म्हणजे साडेपंचाहत्तर टक्के, गेली बाद. १४० प्रूफपर्यंत चालतंय. विकत घेतानाच लेबल बघायचं, बास.

पाकिटावरचा दुसरा विनोद म्हणजे हँडबॅग घेऊन निघालेल्या बाईचा फोटो आणि बॅगेतून डोकावणारी बाटली. सिक्युरिटीच्या आधी विकत घेतलेली बाटली केबिनमध्ये जातच नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांनी अटलांटिकवरची विमानं उडवायचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला आणि तेव्हापासून केबिनमध्ये कुठलाही द्रव १०० मिलिलिटरपर्यंतच्याच बाटलीत न्यायचा हा नियम आला, आता काही एअरपोर्टवर नवीन स्कॅनर आल्यामुळे तो सैल होतोय पण दुसऱ्या टोकाच्या एअरपोर्टवर तो सैल झालाय की नाही यावर बाटली पणाला लावण्यात अर्थ नाही. ही पिशवी चेक-इनसाठीच आहे.

केबिनमध्ये जाते ती फक्त सिक्युरिटीच्या पलीकडे घेतलेली बाटली, आणि ट्रान्झिट असेल तर ड्यूटी फ्रीवाल्यांनी त्या पारदर्शक, लाल किनारीच्या सीलबंद पिशवीत घालून दिलेली, आत पावती बाहेरून वाचता येईल अशी. ती पिशवी शेवटचा मुक्काम येईपर्यंत फोडायची नाही. मधल्या एअरपोर्टवर परत सिक्युरिटी लागते आणि सील फुटलेलं दिसलं की बाटली तिथेच राहते, कितीही गयावया करा. अमेरिकेत उतरून पुढे डोमेस्टिक पकडणाऱ्यांसाठी नियम असा आहे की बाटली परदेशातून येताना ड्यूटी फ्रीत घेतलेली हवी, गेल्या ४८ तासांतली पावती हवी, आणि सील शाबूत हवं.

आणि इथेच या आपल्या बबलवाल्या पिशवीचा असा उपयोग आहे जो पाकिटावर कुठेच लिहिलेला नाही, म्हणजे ज्याने बनवली त्यालाच माहीत नसावा. अमेरिकेत साधारणपणे पहिल्या एअरपोर्टवरच चेक-इन बॅग ताब्यात घ्यावी लागते, कस्टम्समधून काढावी लागते आणि पुढच्या विमानासाठी परत सोपवावी लागते. त्या मधल्या पाच-दहा मिनिटांत ड्यूटी फ्रीची बाटली हातातून काढून चेक-इन बॅगेत टाकली की पुढच्या सिक्युरिटीची कटकटच संपली. पण त्यासाठी पिशवी रिकामी, चपटी, बॅगेत अगदी वर ठेवलेली असली पाहिजे. मी तर बाटली नेणार असो नसो, दोन पिशव्या बॅगेच्या झाकणाच्या जाळीत ठेवूनच निघते, वजन नगण्य, जागा शून्य. याच्या अगदी उलट फुगवायच्या हवेच्या नळ्यांची जी पॅकिंग मिळतात ती, त्यांना पंप लागतो, एक नळी गेली की शेजारची बाजू उघडी पडते, आणि त्या भर गर्दीत बेल्टपाशी पंप मारत बसणारा माणूस मला तरी बघायचा नाही. कडक केस भारी असतात, त्यात फुटतच नाही जवळजवळ, पण रिकामी केससुद्धा अर्धी बॅग खाते. डायपर गुंडाळणारे लोकही आहेत, आणि खरं सांगायचं तर पातळ गळतीसाठी डायपर या पिशवीपेक्षा हुशार आहे, शोषून घेतो. पिशवीच्या आत डायपर हा जोड मला सगळ्यात पटला.

हां, ती सीलबंद बाटली विमानात उघडून प्यायचं कुणाच्या मनात असेल तर सोडून द्या. अमेरिकेच्या नियमात स्पष्ट आहे की विमानात कर्मचाऱ्यांनी दिलेलीच दारू प्यायची, आणि इतरही बऱ्याच एअरलाइन्सचं तेच आहे.

आता लोक हमखास गोंधळतात तो भाग, आणि या पिशवीचे रिव्ह्यू वाचताना तो गोंधळ जागोजागी दिसतो. कुणीतरी लिहितं, 'माणशी पाच लिटर नेता येते, सहाचा सेट घ्या.' अरे, पाच लिटर विमानाचे. उतरल्यावर देश किती घेऊ देतो तो हिशोबच वेगळा, तिथे विमान कंपनीचा काही संबंध नाही. आणि हा देशांचा हिशोब इतका विचित्र आहे की बाटलीचं माप बघितल्याशिवाय खरेदीच करू नये. भारतात २ लिटर. आता ७०० मिलिलिटरच्या तीन बाटल्या घेतल्या तर २१०० होतात, शंभर मिलिलिटरसाठी तुम्ही मर्यादेच्या बाहेर. एक लिटरच्या दोन घेतल्या तर बरोब्बर आत. ऑस्ट्रेलियात २.२५ लिटर, म्हणजे ७५० च्या बरोबर तीन, तिथे तीनचा सेट चपखल. जपानमध्ये लिटरची भानगडच नाही, ७६० मिलिलिटरपर्यंतच्या तीन बाटल्या. कॅनडात स्पिरिट असेल तर १.१४ लिटर, वाइन असेल तर दीड लिटर, यातलं एकच काहीतरी. न्यूझीलंड दिलदार आहे, ११२५ मिलिलिटरपर्यंतच्या स्पिरिटच्या तीन बाटल्या आणि वर साडेचार लिटर वाइन किंवा बिअर. अमेरिकेत ड्यूटी न भरता साधारण १ लिटर. थायलंडमध्येही १ लिटर. स्वित्झर्लंडने १८ टक्क्यांवर रेघ मारलीय, त्याखाली ५ लिटर, त्यावर १ लिटर. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना २२ टक्क्यांवर १ लिटर किंवा त्याखालची २ लिटर, शिवाय ४ लिटर साधी वाइन आणि १६ लिटर बिअर. हाँगकाँगमध्ये ३० टक्क्यांच्या वरच्याच दारूला १ लिटरची मर्यादा, वाइन-बिअरवर २००८ पासून ड्यूटीच नाही, वाइनवाल्यांची मजा. सिंगापूरमध्ये एकूण २ लिटर, त्यात स्पिरिट १ च्या वर नको, पण ४८ तास देशाबाहेर असला पाहिजेत आणि मलेशियातून येत असाल तर शून्य. शून्य म्हणजे शून्य. हे आकडे बदलत असतात त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टम्सच्या साइटवर एकदा नजर टाकायची, पिशवी विकणाऱ्याच्या पानावर नाही.

वयाचंही तसंच. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये १७ पूर्ण पाहिजे, जपानमध्ये २०, अमेरिकेत २१. घरातल्या चार माणसांचे चार कोटे मोजताना शाळेतली मुलं मोजायची नाहीत, हे सांगावं लागतंय कारण लोक मोजतात.

मर्यादेपेक्षा जास्त नेली म्हणजे गुन्हा झाला असंही नाही, बहुतेक देशांत सरळ रेड चॅनलला, म्हणजे कस्टम्सला काही सांगायचं असलेल्यांच्या रांगेला जायचं, सांगायचं, ड्यूटी भरायची. गुन्हा होतो तो ग्रीनमधून, म्हणजे सांगण्यासारखं काही नसलेल्यांच्या रांगेतून, मान खाली घालून निघालं की. पण एक मेख आहे जी मला फार उशिरा कुणीतरी सांगितली, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या भागावर ड्यूटी लागत नाही, त्या प्रकारच्या सगळ्या मालावर लागते. म्हणजे ऑस्ट्रेलियात चौथी बाटली आणली की पहिल्या तीनही गेल्या हिशोबात. मोहाची ती एक बाटली अशी महाग पडते.

आणि काही देशांत हा हिशोबच नाही. सौदी, कुवेत, तिथे पर्यटकाने बाटली नेण्याचा विषयच काढायचा नाही. मालदीवमध्ये रिसॉर्टवर दारू मिळते पण आपण नेलेली बाटली एअरपोर्टवर ठेवून घेतात आणि परत जाताना देतात, तर हनीमूनसाठी शॅम्पेन या पिशवीत गुंडाळून तिकडे न्यायचा बेत असेल तर राहू द्या. ब्रुनेईत मुस्लिमेतर माणसाला थोडी नेता येते पण जाहीर करून. परतीच्या वाटेवर असा देश मध्ये लागत असेल, आणि तिथे बाहेर पडून मुक्काम करणार असाल, तर बाटलीची खरेदी त्याच्या नंतरच्या टप्प्याला ढकलायची.

युरोपात गाडीने फिरणाऱ्यांना ही पिशवी लागणारच नाही. युनियनच्या आत स्वतःसाठी म्हणून १० लिटर स्पिरिट आणि ९० लिटर वाइनपर्यंत कुणी फारसं विचारत नाही, तिथे लोक सरळ खोकी भरून डिकीत टाकतात. ब्रिटन २०२१ पासून त्यातून बाहेर, तिथे आता ४ लिटर स्पिरिट, १८ लिटर साधी वाइन आणि ४२ लिटर बिअर, हेसुद्धा पिशवीचं काम नाही, खोक्याचंच.

उतरल्यावर ड्यूटी फ्री असलेला देश असेल, म्हणजे भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, नॉर्वे वगैरे, आणि तुम्हाला सगळीकडे मिळणारी नेहमीचीच व्हिस्की हवी असेल, तर पिशवीवर खर्च करूच नका, बॅगेच्या बेल्टपाशी उभं राहायच्या आधी दुकानातून उचला, ना ट्रान्झिटची भीती ना फुटण्याची. पिशवी त्यांच्यासाठी आहे ज्यांना दुसरीकडे मिळत नाही अशी बाटली आणायचीय, छोट्या वायनरीतली, एखाद्या डिस्टिलरीच्या दारातच विकली जाणारी.

राहिलेल्या तक्रारी. नवीन असताना प्लॅस्टिकचा उग्र वास येतो, दोन दिवस उघडी टांगली की जातो. आत वाइन सांडली तर बबलच्या खाचांमधून ती धुऊन काढणं वैताग आहे, आणि ओली बंद केली तर बुरशी येते, माझ्या एकीला आली. वेल्क्रो लोकरीच्या कपड्यांना पकडून धागे ओढतो, त्यामुळे पट्ट्याची बाजू जीन्सकडे. झिप बंद करताना आतली हवा पूर्ण काढा, नाहीतर फुगून जागा खाते आणि वर वजन आलं की झिपच उघडते. एक भरलेली वाइनची बाटली सव्वा किलोच्या आसपास जाते, सहा म्हणजे साडेसात-आठ किलो, २३ किलोच्या बॅगेतला तिसरा हिस्सा तिथेच संपला, त्यामुळे सहाचा सेट स्वस्त पडत असला तरी तो कुणासोबत तरी वाटून घ्या. एकट्याला दोनचा पुरतो, ऑस्ट्रेलिया-जपानवाल्यांना तीनचा, आणि शॅम्पेन आणणार असाल तर एक मोठ्या मापाची वेगळी, ऑर्डर करताना उंची नाही, घेर बघून.